जिना, खुर्ची आणि हिशेब
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत इतिहास, संगीत, नाट्य, भाषा अशा विषयांना स्थान मिळावे हे स्वाभाविकच आहे. त्या पंक्तीत ‘वृद्ध आईवडिलांसाठी जिन्यावरील यांत्रिक खुर्ची आणि तिचा खर्च’ हा विषय अगदीच गद्य वाटेल. परंतु तो कार्यकारिणीनेच सुचविला, आणि त्याचे कारण याच सभागृहात आहे. ज्यांनी मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवात सतरंज्या अंथरल्या आणि घरोघरी फिरून वर्गणी गोळा केली, त्यांतील कित्येक आज येथे नाहीत. ते अंथरुणाला खिळलेले आहेत असे नव्हे. घरी बसून ते वर्तमानपत्र वाचतात, नातवंडांना पाढे विचारतात. त्यांच्या आणि आपल्यामध्ये आज उभा आहे तो केवळ एक जिना.

हा जिना आला कोठून? भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पुढील दोन-तीन दशकांत विदर्भातून, देशावरून, कोकणातून मराठी तरुण येथे आले. नोकरीभर कारखान्याचे क्वार्टर होते. निवृत्ती जवळ आली तेव्हा अनेकांनी लहानसा प्लॉट घेऊन दुमजली घर बांधले. खाली भाडेकरू ठेवावा, वर आपण राहावे. वर हवा आहे, उजेड आहे, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे घालता येतात. पन्नाशीतील माणसाचा हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. नकाशात स्वयंपाकघर दाखवितात, देवघर दाखवितात. पंचवीस वर्षांनंतरचे गुडघे दाखविण्याची सोय नकाशात नसते.

माणसाला चढ चढविण्याची युक्ती आपणांस नवी नाही. गडांवर आणि देवस्थानांच्या पायऱ्यांवर डोलीवाले पिढ्यान् पिढ्या भाविकांना नेत आले. रायगडावर १९९६ साली रज्जुमार्ग झाला, सप्तशृंगीच्या गडावर २०१८ साली रुळांवरून चढणारी ट्रॉली आली. घरातील जिन्यापुरते तेच काम करणारी खुर्ची अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात सी. सी. क्रिस्पेन यांनी १९२० नंतरच्या दशकात तयार केली. जिना चढू न शकणाऱ्या आपल्या एका आजारी स्नेह्यासाठी त्यांना ती सुचली, असे सांगतात. म्हणजे या यंत्राचा उगम ऐषआरामात नसून मैत्रीत आहे.

यंत्राची रचना साधी आहे. पायऱ्यांवर एक लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा रूळ बसवितात. बहुधा तो भिंतीला नव्हे, पायऱ्यांनाच जखडलेला असतो. त्यामुळे भिंत किती मजबूत आहे हा प्रश्न सहसा येत नाही. रुळाला दाते असतात, त्यांत खुर्चीखालील दातेरी चाक फिरते आणि खुर्ची सरकते. वेग सेकंदाला पंधरा सेंटिमीटरांच्या आत ठेवलेला असतो. बहुतेक खुर्च्या बॅटरीवर चालतात व रुळाच्या टोकाशी थांबल्या की चार्ज होतात. म्हणून वीज गेली तरी माणूस मध्येच अडकत नाही. पायाखालच्या पाटाला काही अडले तर खुर्ची आपोआप थांबते. वर पोचल्यावर बैठक जिन्यापासून दूर फिरविता येते, जेणेकरून उतरताना पाठीमागे खोल जिना राहू नये. कमरेचा पट्टा लावणे मात्र आपले काम, आणि आपल्या मातोश्रींच्या बाबतीत पदर खोचून घेणे हेही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या मातोश्रींचे वय तेव्हा शहाऐंशी होते. त्यांना खाली नेण्यास दोन माणसे लागत. म्हणून देवळात जाणे गेले, शेजारी बसणे गेले, अखेर ओट्यावर उतरणेही गेले. खुर्चीचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “मी काय ट्रंक आहे का, जिन्यावरून ओढत न्यायला?” आणि लगेच पुढे, “तेवढ्या पैशांत मुलीच्या शिक्षणाचं बघा.” धाकटे बंधू पुण्याहून म्हणत होते, घर विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट घ्या. भगिनी बंगळूरहून म्हणत होत्या, आईला खालच्या मजल्यावर हलवा. सर्वांचे म्हणणे मायेचे होते, आणि सर्वांची अंकगणिते वेगवेगळी होती. म्हणून आम्ही एक वही घेतली आणि प्रत्येक उपाय तिच्यात मांडला. त्या वहीतील सार आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

पहिला उपाय दोन्ही बाजूंच्या कठड्यांचा, पुरेशा दिव्याचा आणि पायरीच्या कडेला खरखरीत पट्टीचा. हा सर्वांत स्वस्त आणि खुर्ची घ्या अथवा न घ्या, करावयाचाच. त्याच वेळी पायरी मोजावी. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याची पायरी १९० मिलिमीटरांहून उंच नसावी आणि २५० मिलिमीटरांहून अरुंद नसावी असे सांगितले आहे. आपल्या घरांतील कित्येक जिने या कसोटीला उतरणार नाहीत.

दुसरा उपाय खालच्या मजल्यावर राहण्याचा. यात यंत्र नाही, म्हणून तो फुकट वाटतो. परंतु बुडणारे भाडे, खाली करावे लागणारे न्हाणीघर आणि बदलावी लागणारी घराची सर्व घडी हा त्याचा खर्च आहे. जेथे खाली जागा मोकळी आहे आणि सारे कुटुंबच खाली वावरते, तेथे याहून उत्तम उपाय नाही. जेथे घर वर आणि वृद्ध एकटे खाली, तेथे तो उपाय नव्हे. ती सोयिस्कर पाठवणी होय.

तिसरा उपाय खुर्चीचा आणि चौथा पूर्ण लिफ्टचा. येथे किमतीआधी वैद्यांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारावे. आईवडील आपापले बसू-उठू शकतात काय? गुडघे वाकतात काय? बसल्यावर तोल राहतो काय? बटण कशाचे हे स्मरणात राहते काय? चाकाच्या खुर्चीवरच सर्व हालचाल असेल तर जिन्याच्या खुर्चीवर दर वेळी खाली-वर दोनदा बदली करावी लागेल. तेथे लिफ्टच हवी, आणि तिला जागा, बांधकाम व पैसा तिन्ही अधिक लागतात.

यानंतर जिना पाहावा. एकाच रेषेत वर जाणारा जिना असेल तर रूळ सरळ, तयार मिळणारा आणि स्वस्त. आपल्याकडील बहुतेक जिने मात्र मध्ये लँडिंग घेऊन उलट फिरतात. त्याला वळणाचा रूळ हवा, आणि तो त्या एका जिन्याच्या मापानेच घडवावा लागतो. आम्हांस मिळालेल्या दरपत्रकांत सरळ खुर्ची तीन लाखांच्या आसपास होती, वळणाची सात-आठ लाखांच्या घरात, आणि लहान घरगुती लिफ्ट त्याहूनही वर, बांधकाम वेगळे. एका विक्रेत्याने मधला मार्ग सुचविला: दोन सरळ खुर्च्या लावा, लँडिंगवर एकीवरून उठून दुसरीवर बसा. पैसा वाचतो हे खरे. परंतु ही अदलाबदल नेमकी जिन्याच्या मध्यावर करावयाची असते. ज्यांचा तोल चांगला आहे त्यांनीच याचा विचार करावा. जिना घराबाहेरून असेल तर ऊन-पावसात टिकणारा प्रकार मागावा. घरातील खुर्ची बाहेर लावू नये.

दरपत्रकांची तुलना करताना केवळ शेवटचा आकडा पाहू नये. एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत. एका विक्रेत्याने सरळ खुर्चीचे ३,००,००० रुपये मागितले. त्यात कर, वाहतूक, जोडणी सर्व आले. देखभाल पहिले वर्ष मोफत, पुढे वर्षाला १२,००० रुपये. दुसऱ्याने २,६०,००० मागितले. पण कर ४५,००० व वाहतूक-जोडणी ३५,००० निराळी, आणि दुसऱ्या वर्षापासून देखभाल १८,००० रुपये. दोन्हींकडे दहा वर्षांत दोनदा बॅटऱ्या बदलण्याचे २०,००० धरा. पहिल्याचे दहा वर्षांत ४,२८,००० रुपये होतात आणि दुसऱ्याचे ५,२२,०००. जो चाळीस हजारांनी स्वस्त वाटला, तो चौऱ्याण्णव हजारांनी महाग निघाला. पहिल्याचा खर्च महिन्यावर वाटला तर सुमारे ३,५७० रुपये पडतो. दिवसभराच्या मदतनीस बाईच्या पगाराशी तो आकडा ताडून पाहावा.

विक्रेत्याकडून काही गोष्टी लेखी घ्याव्यात. किती वजन पेलते? सुटे भाग देशात मिळतात की परदेशातून येतात? दुरुस्तीचा माणूस कोठून येणार, रायपूरहून, नागपूरहून, की थेट कोलकात्याहून, आणि त्याचे प्रवासभाडे कोणी द्यावयाचे? मोठ्या शहरातील ग्राहकाला हा प्रश्न सुचत नाही. आपल्यासारख्यांनी तो सर्वांत आधी विचारावा. तसेच, पुढे खुर्ची नको झाली तर परत घेणार काय? सरळ रूळ दुसऱ्या घरी लावता येण्याची शक्यता असते. वळणाचा रूळ दुसऱ्या जिन्याला बसत नाही. त्याची किंमत जवळजवळ भंगाराचीच समजावी. ग्रॅनाइटच्या पायऱ्यांत पाडलेली भोकेही आपणच बुजवावयाची. आणि शक्य असेल तर जेथे खुर्ची बसली आहे अशा घरी आईवडिलांना नेऊन तीवर बसवून पाहावे. छापील चित्रातील हसऱ्या वृद्धेचे गुडघे आपल्या आईचे नसतात.

खर्चाची वाटणी हा नाजूक विषय आहे. तरी बोलले पाहिजे. जे जवळ राहतात ते रोजचे श्रम देतात. जे दूर आहेत त्यांना ते देता येत नाहीत. त्यांनी पैशाचा भार अधिक उचलावा हे न्यायाचे. आमच्या भावंडांत असेच ठरले, आणि त्याने कोणाच्याही मनात अढी राहिली नाही. आईवडिलांच्या निर्वाहासंबंधी २००७ च्या कायद्याने मुलांवर जे कर्तव्य घातले आहे, त्यात वृद्धांना सर्वसामान्य जीवन जगता यावे एवढ्या गरजांचा समावेश आहे. कायद्याचे नाव घरात काढण्याची वेळ येऊ नये. पण ‘सर्वसामान्य जीवन’ हे शब्द मात्र ध्यानात धरण्यासारखे आहेत.

आणखी एक सूचना. चौकशीला मुदत घालावी. तीस वर्षांच्या माणसाचे सहा महिने आणि शहाऐंशी वर्षांच्या माणसाचे सहा महिने हे कॅलेंडरावर सारखे दिसतात; प्रत्यक्षात ते सारखे नसतात. उत्तम दर मिळविण्यात जे वर्ष जाते, त्याची नोंद कोणत्याही दरपत्रकात नसते. आम्ही स्वतःला दोन महिने दिले होते.

वहीतील सर्व आकडे मातोश्रींसमोर वाचले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. “कुणाला हाक न मारता मला खाली जाता येईल का?” येईल, असे सांगितले. “मग घ्या,” त्या म्हणाल्या. त्या क्षणी आम्हांस उमगले की आम्ही जिन्याची किंमत मोजीत होतो आणि त्या हाकेची. दिवसातून चार वेळा सूनबाईंना हाक मारावी लागू नये म्हणून त्यांनी खाली जाणेच सोडले होते. लँडिंगवरील अदलाबदलीला कोणी तरी धरावयास लागलेच असते. म्हणून आम्ही वळणाची खुर्ची घेतली. आज त्या चार वाजता ओट्यावर असतात आणि भाजीवालीशी छत्तीसगढी-मराठी मिश्रणात घासाघीस करतात. त्या घासाघिशीत वाचलेले दोन रुपये आमच्या वहीत जमेच्या बाजूला लिहावेत, अशी त्यांची आज्ञा आहे.

शेवटी मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, मंडळाने एक नोंदवही ठेवावी. कोणी कोणती खुर्ची, वॉकर, पलंग घेतला, किती पडले, दुरुस्ती कशी मिळते आणि काय आता वापरात नाही, हे सर्व तीत लिहावे. एका घराचा अनुभव दुसऱ्या घराच्या हजारो रुपयांइतका मोलाचा असतो. दुसरी, जे साहित्य परत देता येते ते मंडळात जमा करून गरजूंना वापरावयास द्यावे. तिसरी या वास्तूविषयी. वरच्या सभागृहाला येथून पुढे काय करावयाचे ते कार्यकारिणी ठरवील. परंतु तोवर ज्येष्ठांचे कार्यक्रम खालच्या दालनात घ्यावेत आणि त्या दालनाला उतरण बांधावी. तिचे प्रमाण एकास बारा असावे; आपले जोते तीन फूट आहे, म्हणजे छत्तीस फूट लांबीची उतरण लागेल. अंगणात ती वळवून बसते; आम्ही मोजून पाहिले आहे.

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात ज्यांची नावे पहिल्या पानावर आहेत, ती माणसे पुढच्या गणेशोत्सवात पहिल्या रांगेत बसलेली दिसावीत, एवढीच अपेक्षा.