बर्फ पडल्यावर फोन करतो

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'सोसायटीची काश्मीर सहल'. खरं तर सहली दोन. एक झाली, एक झालीच नाही. झालेल्या सहलीचे फोटो सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बघितलेत. न झालेल्या सहलीबद्दल मात्र गेले दहा महिने जिन्यात, पाण्याच्या टाकीजवळ, गणपतीच्या मांडवात हळू आवाजात बोललं जातंय. तेव्हा आज माईक हातात आहे तर तेच आधी सांगतो.

सुरुवात झाली नातवापासून. तो पुण्यात नववीत. मागच्या वर्षी मे महिन्यात आला आणि म्हणाला, "आजोबा, मला स्नोबोर्ड करायचाय." मला आधी कळेना हा काय प्रकार. मोबाईलवर दाखवलं तेव्हा कळलं. स्कीला दोन पायांना दोन लांब फळ्या आणि हातात दोन काठ्या. स्नोबोर्डला दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, माणूस आडवा उभा राहणार आणि डोंगरावरून घसरत खाली येणार. मी म्हटलं, आपल्या भुदरगडाच्या उतारावर कर, फुकट आहे. पण पोरगं ऐकेना. मग गच्चीवर विषय निघाला, दोन घरं तयार झाली, चार झाली, शेवटी आम्ही अकरा जण.

आता जायचं कुठं? हिमाचलात मनालीजवळ सोलंग आहे. उत्तराखंडात औली आहे, तिथले उतार चांगले, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला घरांना तडे गेले आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला. राहिलं गुलमर्ग. तिथं आपल्या सुभेदारकाकांचं मत निर्णायक ठरलं. काकांनी गुलमर्गला लष्कराच्या शाळेत हिवाळी कोर्स केलेला आहे. ही शाळा १९४८ पासूनची, आज तिचं नाव हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. काका म्हणाले, "जावा गुलमर्गलाच. पण सर, तिथल्या माणसाला इचारल्याबिगर पाय टाकू नका. आम्ही फौजी असून इचारत होतो."

तिथला माणूस तर आपल्या दारात येत होता. दिवाळीच्या आसपास शालींचं गाठोडं गाडीला बांधून गारगोटीत येणारे काश्मिरी चाचा तुम्ही सगळे ओळखता. आपल्या गल्लीत निम्म्या घरांत त्यांची शाल आहे, आणि निम्म्या घरांत त्यांची उधारीही आहे, ते असो. चाचांचं घर टंगमर्गला. टंगमर्ग म्हणजे गुलमर्गच्या पायथ्याचं गाव, तिथून वर तेरा किलोमीटरचा घाट. मी त्यांना आमच्या ओट्यावर चहा दिला आणि विचारलं, जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा कसा? ते हसले. म्हणाले, "गुरुजी, तारीख मत पकडो, बर्फ पकडो."

मग त्यांनी समजावलं. काश्मीरचा कडक हिवाळा चाळीस दिवसांचा, २१ डिसेंबर ते ३० जानेवारी. त्याला चिल्ले कलान म्हणतात. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्ले खुर्द, आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्ले बच्चा. आपली मृग-आर्द्रा जशी, तसं त्यांचं हे पंचांग. पण मृग लागला म्हणून पाऊस पडतोच असं कुठं आहे? आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो, त्यांचा बर्फ पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यांवर. ते वारे आले नाहीत तर थंडी पडते, तळी गोठतात, पण उतारावर गवत तसंच. चाचांचं म्हणणं एवढंच होतं की माणसं पक्की करा, पैसे बाजूला ठेवा, तारीख ठरवू नका. त्यांचा भाचा गुलमर्गला स्की शिकवतो. "बर्फ गिरेगा तो वो फोन करेगा, तब निकलो."

आणि मी काय केलं? एका सहल कंपनीची जाहिरात बघितली, लवकर बुकिंग केलं तर सूट. मी शाळेत तीस वर्षं वेळापत्रकं केलेला माणूस. तारीख ठरवल्याशिवाय मला झोप येत नाही. सगळ्यांकडून माणशी आठ हजार गोळा केले आणि भरून टाकले. ९ जानेवारी २०२४, मंगळवार, कोल्हापूरहून निजामुद्दीनच्या गाडीने निघायचं. रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, हे पावतीवर छापलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. विद्यार्थ्यांना मात्र आयुष्यभर सांगत आलो की प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधी वाचा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्या जानेवारीत गुलमर्गला बर्फच नव्हता. वर्तमानपत्रांत फोटो आले, तपकिरी पडलेले उतार आणि त्यावर घोडे चरताहेत. ५ तारखेला मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, यहाँ तो क्रिकेट खेल रहे हैं." त्या रात्री बैठक घेतली आणि सहल रद्द केली. अठ्ठ्याऐंशी हजार रुपये गेले.

त्यातले आठ-आठ हजार काहींच्या दृष्टीने फार नव्हते. पण आपल्या एका वहिनींनी ते भिशीतून उचलले होते, मला हे नंतर कळलं. त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त संक्रांतीला त्यांच्याकडून दरवर्षी येणारी तिळाच्या वड्यांची वाटी आली नाही. पेन्शन झाल्यावर मी प्रत्येकाच्या घरी पाकीट घेऊन गेलो. चार जणांनी परत केलं, "सर, तुमची काय चूक" म्हणाले. वहिनींनी घेतलं, आणि बरोबर केलं. चूक माझीच होती. सांगणारा माणूस ओट्यावर बसून सांगत होता आणि मी छापील कागदावर विश्वास ठेवला.

रांगण्याला पावसाळ्यात पुण्याची, गोव्याची पोरं येतात तेव्हा आपण काय म्हणतो? भटवाडीचा माणूस सांगतो ओढा चढलाय, आज जाऊ नका. ती मोबाईलवरचा रस्ता दाखवतात आणि म्हणतात, इथं तर वाट दिसतेय. आपण त्यांना हसतो. मी त्यांच्यातलाच निघालो.

जानेवारी संपता संपता भाच्याचा फोन आला. बर्फ सुरू झाला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परत फोन, आता या. या वेळी आम्ही सहाच जण. वहिनीही होत्या, त्यांच्या मुलीसकट. ६ फेब्रुवारीची निजामुद्दीन पकडली आणि दिल्लीहून श्रीनगर विमानाने. जम्मूहून रस्त्याने स्वस्त पडतं, पण बर्फ-पावसात तो रस्ता दरडी कोसळून बंद पडतो, म्हणून भाच्याने नको सांगितलं. अजून एक सांगतो, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड लागतं. आमच्या सहा जणांत एकच फोन चालू होता. बायकोच्या मते सहलीतला सर्वांत सुखाचा भाग तोच.

टंगमर्गला आपली गाडी सोडायची आणि टायरला साखळ्या बांधलेली तिथली गाडी करायची. कपडे, बूट सगळं घरून विकत घेऊन जाऊ नका. गमबूट, जाड कोट तिथं भाड्याने मिळतात. स्कीचे बूट, फळ्या, काठ्याही मिळतात. बूट पायात घालून, चालून बघून मगच घ्यायचे. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले तर पाय गरम होत नाही, रक्त अडून उलट गार पडतो. एकच जाड मोजा. काळा चष्मा मात्र हवाच, बर्फावरून ऊन डोळ्यांत येतं. माझं नाक तिथं असं भाजलं की परत आल्यावर लोक विचारायचे, कोकणात गेला होता काय?

गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच. भाच्याने पहिला दिवस नुसता फिरण्यात घालवायला लावला. नातू चिडला. दुसऱ्या दिवशीपासून गावालगतच्या मंद उतारावर शिकवणी. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची, की वेग कमी होतो. हे एवढं जमलं तरी पहिल्या दिवशी माणूस दहा-वीस पावलं घसरतो. स्नोबोर्डला पहिले दोन दिवस नुसतं पडणं. पडताना हात मागे टेकायचे नाहीत, मनगट जातं. मुठी आवळायच्या. नातवाने पहिल्या दिवशी किती वेळा जमीन गाठली ते मी मोजणं सोडून दिलं. वहिनींची लेक मात्र दुसऱ्याच दिवशी स्कीवर सरळ खाली आली, आणि वहिनी आमच्या सगळ्यांच्या पुढे ओरडत होत्या, "बघा, माझी बाय बघा!"

तिसऱ्या दिवशी गोंडोला. गोंडोला म्हणजे रोपवे, दोन टप्प्यांचा. पहिला कोंगडूरीपर्यंत, सुमारे तीन हजार मीटर. दुसरा अफरवटच्या खांद्यापर्यंत, चार हजार मीटरच्या जवळ. आमची दोन्ही टप्प्यांची तिकिटं आधीच काढलेली होती. कोंगडूरीला उतरलो तर लख्ख ऊन. भाच्याने वर शिखराकडे बघितलं. कड्यावरून बर्फाचा धूर उडत होता, आमच्या नजरेला तो सुंदर दिसला. तो म्हणाला, वर नको. नातू म्हणाला, तिकीट काढलंय, रांग पण कमी आहे. मलाही पैशांचा मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण जानेवारी आठवला. म्हटलं, हा म्हणेल तसं. आम्ही खालीच गरम मॅगी खात बसलो. तासाभरात वाऱ्यामुळे वरचा टप्पा बंद झाला.

नातू माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही. परत आल्यावर २२ फेब्रुवारीला त्याचाच मला फोन आला. त्याच बाजूच्या उतारावर हिमकडा कोसळला होता आणि त्यात एक रशियन स्कीपटू दगावला. बाकीच्यांना वाचवलं. तो एवढंच म्हणाला, "आजोबा, बातमी बघितली?" मी म्हटलं, बघितली. मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

बरं, सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. पुढच्या फेब्रुवारीत परत जायचा विचार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी नाव माझ्याकडे द्यावं. पैसे देऊ नयेत, मी घेणारही नाही. आपापल्या घरी ठेवावेत. ज्यांना बीपी किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. तारीख मला माहीत नाही. चाचा परवाच गारगोटीत आलेत, रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर असतील. ज्याला जे विचारायचं ते त्यांनाच विचारावं, आणि ज्यांची शालीची उधारी राहिली आहे त्यांनी येताना ती घेऊन यावी.