रकाना मिळाला, पण यादीत नाव?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तृतीयपंथीयांना मताचा अधिकार अमुक साली 'देण्यात आला', असे आपण वाचतो, ऐकतो. ते तितकेसे खरे नाही. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमात मतदार स्त्री किंवा पुरुषच असावा, असे कुठेही म्हटलेले नाही. वयाने प्रौढ आणि भारताचा नागरिक, एवढे पुरते. ३२५ वे कलम तर लिंगाच्या कारणावरून कुणाचेही नाव यादीबाहेर ठेवू नका, असे स्पष्ट बजावते. म्हणजे अधिकार पहिल्या दिवसापासून होता. नव्हता तो अर्जावरचा रकाना. तिथे पुरुष आणि स्त्री, दोनच घरे. नोव्हेंबर २००९ मध्ये निवडणूक आयोगाने 'इतर' अशी नोंद करण्याची मुभा दिली. तोवर ज्याला मत द्यायचे, त्याने दोनपैकी एका घरात स्वतःला बसवायचे, नाहीतर घरी राहायचे.

एका रकान्याने काय होते, असे कुणाला वाटेल. मध्य प्रदेशातल्या कटनीचे उदाहरण घ्या. तिथल्या मतदारांनी कमला जान यांना महापौर निवडले. पद स्त्रियांसाठी राखीव होते. प्रकरण न्यायालयात गेले, त्या स्त्री ठरत नाहीत असा निर्णय झाला आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही तो कायम केला. हजारो लोकांची मते एका शब्दावर वाया गेली! याउलट जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची गोष्ट. तिथे अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज याच कारणाने फेटाळला गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्रियांच्या राखीव जागेवर उभे राहू दिले आणि त्या निवडूनही आल्या. मधल्या काळात, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की आपले लिंग कोणते, हे ज्याचे त्याने सांगायचे.

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या सदरात देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद झाली. त्यात लहान मुलेही आली, हे खरे. पण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तृतीयपंथी म्हणून नोंदलेले मतदार होते ४८ हजार २७२. महाराष्ट्रात जनगणनेचा आकडा ४० हजार ८९१, आणि मतदार यादीतला सहा हजारांच्या आसपास. काहींनी स्त्री किंवा पुरुष म्हणून नाव ठेवले असेल. तो त्यांचा हक्कच आहे. तरीही दरी फार मोठी आहे. ज्यांची नावे आहेत, त्यांच्यातले मतदान २०१९ मध्ये साडेचौदा टक्के होते, ते २०२४ मध्ये सत्तावीस टक्क्यांवर आले. वाढले, पण देशाचे एकूण मतदान पासष्ट टक्क्यांच्या वर होते.

नाव का लागत नाही? घर सुटलेले असते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, वस्तीत दुसरे. भाड्याच्या खोलीची पावती मिळत नाही. अर्जावर मात्र वडिलांचे किंवा पतीचे नाव विचारतात. ज्या वडिलांनी उंबऱ्याबाहेर काढले, त्यांचेच नाव लिहायचे?

इथे एक चांगली गोष्ट सांगायला हवी, कारण ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. नवीन नोंदणीच्या नमुना ६ मध्ये नातेवाइकाच्या रकान्यात आई, वडील, पती, पत्नी यांच्याबरोबर तृतीयपंथी अर्जदारासाठी 'गुरू' हा पर्याय आहे. गुरू आणि चेला हे नाते सरकारी कागदाने असे मान्य करावे, ही लहान गोष्ट नव्हे. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा असतो; या अर्जात वैद्यकीय दाखला मागितलेला नाही. आधीच नाव असेल आणि लिंगाची किंवा नावाची नोंद बदलायची असेल, तर नमुना ८ भरायचा आणि त्याला आधार देणारा कागद जोडायचा.

पण एका कागदाने दिलेले दुसरा कागद काढून घेऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. तिच्या अर्जात वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीतले स्वतःचे किंवा नातेवाइकाचे नाव विचारले होते. ज्याने त्यानंतर घर, गाव आणि नाव तिन्ही बदलले, त्याने हा धागा कुठून जोडायचा? अशा वेळी दारावर येणारा केंद्रस्तरीय अधिकारी डेऱ्याच्या पायऱ्या चढतो की खालूनच परततो, यावर बरेच ठरते.

मतदानाच्या दिवशी रांगा दोनच, बायकांची आणि पुरुषांची. दोन्हीकडून माना वळतात. टेबलाशी पोहोचल्यावर ओळखपत्रावरचा फोटो जुना, मिशा असलेला, आणि समोर साडी नेसलेली व्यक्ती. तिथे बसलेल्यांनी निवडणूक नियम आठवावेत. माणूस तोच आहे अशी खात्री पटली, तर यादीतल्या किरकोळ लेखनाच्या वा छपाईच्या चुकांकडे दुर्लक्ष करावे, असे नियमच सांगतो. एखाद्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला शंका असेल, तर दोन रुपये अनामत भरून त्याने रीतसर आक्षेप घ्यावा. मतदान केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करून निर्णय देतात. रांगेतल्या हसण्या-खिदळण्याला आक्षेप म्हणत नाहीत.

आणि शेवटी तारखा. पूर्वी एक जानेवारी ही वर्षातली एकच अर्हता तारीख होती. आता एक एप्रिल, एक जुलै आणि एक ऑक्टोबर याही आहेत. मात्र उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची मुदत टळली, की त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव घालता येत नाही. तेव्हा आपले नाव त्याआधीच पाहून घ्यावे, आणि शेजारच्या डेऱ्यावर कुणी ओळखीचे असेल तर त्यांनाही विचारावे.