मुद्दाम हरावें काय ?

एखाद्या शाळेनें असा नियम केला कीं, वार्षिक परीक्षेंत जो विद्यार्थी सर्वांच्या मागें राहील त्यास पुढील वर्षीं शाळेंतील उत्तम शिक्षकाची शिकवणी मोफत मिळावी, तर त्या नियमामागील हेतूस कोणी नांवें ठेवणार नाहीं. दुबळ्यास आधार द्यावा यांत दयाहि आहे आणि व्यवहारहि आहे. परंतु दोन-चार वर्षें लोटलीं म्हणजे मधल्या बांकांवरील मुलें निराळाच हिशेब करूं लागतील. पहिला क्रमांक आपल्या वांट्यास येत नाहीं हें तर ठरलेलेंच; मग बाविसावें येण्यापेक्षां अगदीं शेवटचें आलेलें काय वाईट ? एक वर्ष पेपर कोरा ठेवला कीं काम झालें ! अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलमध्यें हाच हिशेब चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला आहे. तो मांडणारीं शाळकरी पोरें नसून कोट्यवधि डॉलरांचे धनी आहेत, आणि त्यांच्यापैकीं कित्येकांचें गणित उत्तम आहे. म्हणून हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

तेथील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या संस्थेंत तीस संघ आहेत, आणि प्रत्येक संघ एका हंगामांत ८२ सामने खेळतो. इंग्लंडांतील फुटबॉलमध्यें जो संघ तळाशीं जातो त्याची रवानगी खालच्या वर्गांत होते. पराभवाची शिक्षा तेथें रोकडी मिळते. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथें हंगाम संपल्यावर कॉलेजांतून व परदेशांतून येणाऱ्या नव्या तरुणांची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. दोन फेऱ्या होतात आणि दुबळ्या संघांस आधीं हात घालूं देतात. आतां क्रिकेटमध्यें गडी अकरा. त्यांतील एखादा फलंदाज कितीहि थोर असला तरी बाद झाला म्हणजे तो तंबूंत जाऊन बसतो. बास्केटबॉलमध्यें मैदानावर गडी पांचच, आणि उत्तम गडी ४८ मिनिटांपैकीं पस्तीस-छत्तीस मिनिटें खेळतो. चेंडू फिरून फिरून त्याच्याच हातीं येतो. असा एक मनुष्य लाभला तर दहा वर्षांचें दैव पालटतें. शिवाय नांवाजलेले खेळाडू आपखुषीनें न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस सोडून लहानशा गांवीं जाण्यास सहसा राजी नसतात. तेव्हां लहान शहराच्या संघास थोर खेळाडू मिळण्याचा राजमार्ग या निवडीचाच. जो संघ अर्धे सामने जिंकतो आणि अर्धे हरतो, त्याची कुचंबणा सर्वांत मोठी. अजिंक्यपद त्यास मिळत नाहीं आणि निवडीचा पहिला मानहि मिळत नाहीं.

पूर्वी दोन्ही विभागांतील तळाच्या संघांमध्यें नाणें उडवून पहिली निवड ठरवीत. १९८३-८४ च्या हंगामांत ह्यूस्टनचा संघ २९ सामने जिंकला आणि ५३ हरला. अखेरच्या दिवसांत ३८ वर्षांच्या, निवृत्तीस टेंकलेल्या एल्विन हेज यास जवळजवळ विश्रांतीवांचून खेळविलें, तेव्हां लोकांनीं जें समजायचें तें समजून घेतलें. नाणें ह्यूस्टनच्या बाजूनें पडलें आणि त्यांस हकीम ओलाजुवान मिळाला. त्याच्या बळावर १९९४ व १९९५ सालीं त्यांनीं अजिंक्यपद मिळविलें. दुसरी निवड पोर्टलंडची होती. त्यांनीं सॅम बोवी यास घेतलें. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोनें मायकेल जॉर्डन यास घेतलें. पुढें बसावयास मिळालें म्हणून शहाणपणहि मिळतें असें नाहीं, हें त्याच वर्षीं सिद्ध झालें होतें. पण तिकडे लक्ष कोण देतो!

१९८५ पासून नाण्याच्या जागीं सोडत आली. प्रथम मागें राहिलेल्या सातहि संघांस सारखीच संधि होती. पुढें, १९९० सालीं, जो अधिक दुबळा त्यास अधिक चिठ्ठ्या, असें ठरलें. १९९३ सालीं ४१ सामने जिंकणाऱ्या ऑर्लंडोची ६६ पैकीं एकच चिठ्ठी होती. नेमकी तीच निघाली. तेव्हां मंडळी चिडलीं आणि अगदीं दुबळ्या संघाचा वांटा २५ टक्क्यांपर्यंत वाढविण्यांत आला. म्हणजे ज्या रोगाकरितां औषध आणलें तोच रोग थोड्या वर्षांत अधिक बळावेल अशी तजवीज झाली.

हरण्याच्या व्यापारांत माल हातीं येतोच असें नाहीं, याचा दाखला १९९७ सालचा. त्या वर्षीं टिम डंकन नांवाचा तरुण निवडीस येणार होता. बॉस्टनचा संघ, ज्याच्या भिंती अजिंक्यपदाच्या निशाणांनीं भरलेल्या, तो त्या हंगामांत केवळ १५ सामने जिंकला. स्वतःची एक आणि दुसऱ्या संघाकडून मिळविलेली एक अशा दोन संधि धरून पहिल्या क्रमांकाची शक्यता सुमारें ३६ टक्के होती. सोडत निघाली ती सॅन अँटोनियोच्या नांवानें. त्या संघाचा मुख्य आधार डेव्हिड रॉबिन्सन हा वर्षभर जायबंदी होता, म्हणून तो तळाशीं गेला होता. डंकन असतांना सॅन अँटोनियोनें पांच अजिंक्यपदें मिळविलीं. बॉस्टनला तिसरा व सहावा क्रमांक मिळाला, आणि बादफेरींत शिरण्यास २००२ साल उजाडावें लागलें.

परंतु या विषयाचें खरें प्रकरण फिलाडेल्फियाचें. २०१३ सालीं तेथें सॅम हिंकी नांवाचे व्यवस्थापक आले. गृहस्थ आंकडेशास्त्राचे अभ्यासक. त्यांनीं प्रथमच आपला तरुण आणि नांवाजलेला खेळाडू ज्रू हॉलिडे यास देऊन टाकलें, आणि बदल्यांत गुडघा दुखावलेला एक नवखा मुलगा व पुढील निवडीचा एक हक्क घेतला. पहिल्या हंगामांत संघ १९ सामने जिंकला, दुसऱ्यांत १८, तिसऱ्यांत १०. पहिल्या वर्षीं एका दमांत २६ सामने हरला. तिसऱ्या वर्षाचा आरंभच १८ पराभवांनीं झाला. जो नवखा खेळाडू पहिल्या वर्षीं सर्व नवख्यांत उत्तम ठरला त्यालाहि दुसऱ्या वर्षीं विकण्यांत आलें. कां, तर त्याच्या मोबदल्यांत आणखी एक हक्क मिळत होता. घर बांधावयाचें म्हणून पायाचे दगडहि विकावे, असा हा प्रकार. प्रशिक्षक ब्रेट ब्राऊन यांच्या नांवावर तीन वर्षांत ४७ विजय आणि १९९ पराभव जमा झाले. सामना हरल्यावर दर रात्रीं वृत्तपत्रवाल्यांसमोर बसण्याचें काम त्यांचें होतें. हिशेब मांडणारे व्यवस्थापक तेथें फारसे दिसत नसत.

नवल असें कीं, शहरांतील पुष्कळ प्रेक्षकांस हें पटलें. 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा' अशी घोषणा तेथील मैदानावर होऊं लागली. त्यांची बाजू हलकी नव्हे. मधल्या क्रमांकावर कुजत पडण्यापेक्षां चार वर्षें अंधार सोसून पहांट पाहावी, असें त्यांचें म्हणणें. पैसा कर्जानें आणून वाडा बांधणारा मनुष्य जसा कांहीं वर्षें पोटास चिमटा घेतो तसेंच हें. आणि नियमांत बसत असेल तर त्यास अप्रामाणिकपणा कां म्हणावा ? नियम करणाऱ्यांनीं बक्षीस तळाशीं ठेवलें आणि मग तळाकडे कोण धांवतो म्हणून ओरड केली, तर दोष धांवणाऱ्याचा किती आणि बक्षीस ठेवणाऱ्याचा किती ?

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मैदानावरील खेळाडू मुद्दाम हरत नाहीं. त्याचें पुढच्या वर्षाचें पोट आजच्या गुणांवर चालतें. तो जीव तोडूनच खेळतो. हरण्याचें काम कचेरींत होतें. दुबळा संघ उभा करावयाचा, बरा खेळाडू दुखापतीचें निमित्त करून बांकावर बसवावयाचा, आणि मग पोरांस सांगावयाचें, जा, लढा. या व्यवहारांत जो खरा गहाण पडतो तो हा खेळाडू. धंदेवाईक खेळाडूचें आयुष्य तें किती. बहुतेकांस चार-पांच हंगामांपलीकडे उमेद नसते. त्यांतील तीन दुसऱ्या कोणाच्या उद्यांसाठीं खर्ची पडले तर ते परत कोण देणार ? तिकिट काढून आलेल्या बापलेकांचेंहि तसेंच. त्यांनीं त्या रात्रीच्या सामन्याचे पैसे दिलेले असतात, पांच वर्षांनंतरच्या नव्हेत. तथापि उलट बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे : त्या दुबळ्या संघांत जागा रिकाम्या होत्या म्हणूनच कित्येक अपरिचित तरुणांस उभें राहण्यास जमीन मिळाली. टी. जे. मॅकॉनेल हा त्यांतलाच एक. २०१५ सालच्या निवडींत साठ नांवें पुकारली गेलीं; त्यांत त्याचें नांव नव्हतें. फिलाडेल्फियानें त्यास घेतलें, आणि दहाच विजय मिळविणाऱ्या त्या संघांत तो खेळूं लागला.

एप्रिल २०१६ मध्यें हिंकी यांनीं तेरा पानांचें पत्र लिहून राजीनामा दिला. त्यांच्या पेरणीचें पीक मग आलें. २०१४ सालीं निवडलेला जोएल एंबीड दोन वर्षें दुखापतीनें बसून होता. तो २०२२-२३ चा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. २०१६ चा पहिला क्रमांक बेन सिमन्स हाहि कांहीं वर्षें चमकला आणि मग बिनसलें. २०१७ सालीं फिलाडेल्फियानें बॉस्टनशीं अदलाबदल करून पुन्हां पहिला क्रमांक मिळविला आणि मार्केल फुल्ट्झ यास घेतलें. तो दोन वर्षांतच संघाबाहेर गेला. तिसऱ्या क्रमांकावर बॉस्टननें घेतलेला जेसन टेटम २०२४ सालच्या अजिंक्य संघाचा आधारस्तंभ झाला. इतकी हार पचवून फिलाडेल्फियास २०२५ पर्यंत एकदांहि बादफेरीच्या दुसऱ्या टप्प्यापलीकडे जातां आलें नाहीं. वाडा उभा राहिला, पण दुसऱ्या मजल्यावर जिना संपला.

हें सारें पाहून संस्थेनें नियम बदलावयाचें मनावर घेतलें. २०१४ सालीं मतदान झालें तेव्हां १७ अनुकूल व १३ प्रतिकूल अशीं मतें पडलीं. २३ हवीं होतीं, म्हणून ठराव पडला. २०१७ सालीं २८ मतांनीं तो संमत झाला. २०१९ पासून अगदीं तळाच्या तीनहि संघांस पहिल्या क्रमांकाची सारखीच, १४ टक्के, संधि देण्यांत आली. सर्वांत शेवटचा संघ फार तर पांचव्या क्रमांकापर्यंत घसरावा, आणि तसें घसरण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के, असें हें गणित. परिणाम पाहावा : २०१९ ते २०२५ या सात सोडतींत सर्वाधिक हरलेल्या संघास एकदांहि पहिला क्रमांक लाभला नाहीं. डेट्रॉइटचा संघ २०२३ व २०२४ अशीं दोन्ही वर्षें तळाशीं होता, त्यांतील एका हंगामांत सलग २८ सामने हरला, आणि दोन्ही वेळां पांचवा क्रमांक घेऊन घरीं गेला. मग त्यानें निराळा उपाय केला. नवा प्रशिक्षक आणला, टोबायस हॅरिस याच्यासारखीं कांहीं मुरलेलीं माणसें पोरांच्या सोबतीस ठेवलीं, आणि १४ विजयांवरून तो एका वर्षांत ४४ विजयांवर आला. लहान मुलांच्या घरांत एखादें वडीलधारें माणूस असावें, त्यांतलाच हा प्रकार.

तरी मोह सुटलेला नाहीं. एप्रिल २०२३ मध्यें डॅलसच्या संघास पुढें जाण्याची आशा शिल्लक असतांना त्यानें शिकागोविरुद्ध आपले खंदे गडी बसवून ठेवले. कारण त्यांचा निवडीचा हक्क पहिल्या दहांत पडला तर त्यांच्याकडे राहणार होता, नाहीं तर तो न्यूयॉर्ककडे जाणार होता. संस्थेनें ७ लक्ष ५० हजार डॉलर दंड केला. हक्क राहिला, त्याची अदलाबदल करून डेरेक लाइव्हली हा उंच गडी मिळाला, आणि पुढच्याच वर्षीं डॅलस अंतिम सामन्यांपर्यंत पोंचला. एवढ्या फायद्यापुढें दंड म्हणजे दुकानाचें भाडें ! शिक्षा जर लाभाहून स्वस्त असेल तर ती शिक्षा नसून किंमत आहे, आणि किंमत देणाऱ्यास लाज वाटत नाहीं.

मग पुनर्रचना करणाऱ्या संघानें काय करावें ? ओक्लाहोमा सिटीचें उदाहरण हरण्याचे पुरस्कर्ते मोठ्या आवडीनें देतात. तो संघ दोन हंगाम पुष्कळ हरला, २०२२ सालीं दुसऱ्या क्रमांकावर चेट होमग्रेन यास घेता झाला, आणि २०२५ सालीं अजिंक्य ठरला. पण त्याचा मुख्य वीर शे गिल्जस-अलेक्झांडर हा २०१९ सालीं, एक प्रसिद्ध खेळाडू देऊन, अदलाबदलींत आलेला. आणि जेलन विल्यम्स हा बाराव्या क्रमांकाचा, तोहि त्याच व्यवहारांतून मिळालेल्या हक्काचा. डेन्व्हरचा निकोला योकिच तर ४१ वा होता, मिलवॉकीचा यानिस १५ वा. पाहणाऱ्यास डोळे असले तर रांगेच्या टोंकाशीं उभें राहण्याची गरज फारशी पडत नाहीं. ज्याचे खेळाडू म्हातारे झाले त्यानें एखादें वर्ष तरुणांस खेळवावें आणि त्यांत हार आली तर ती सोसावी. त्यांत गैर कांहींच नाहीं. हार ही शिकण्याची फी म्हणून द्यावी. तीच कमाई म्हणून मोजूं लागलें कीं कचेरींतील मंडळींस आपला संघ जिंकला त्या रात्रीं झोंप येईनाशी होते, आणि ज्या घरांत विजयाचें दुःख होतें तेथें पोरांनीं काय शिकावें ?

मुंबईकरांनीं या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकदां वरळीस समोरासमोर पाहिल्या आहेत, जरी त्या दिवशीं तें कोणाच्या मनांत आलें नसेल. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजीं तेथें सॅक्रामेंटो आणि इंडियाना यांचे दोन प्रदर्शनीय सामने झाले; पहिल्या दिवशीं प्रेक्षकांत हजारों शाळकरी मुलें होतीं. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा. त्यांचा संघ २००७ ते २०२२ असे सोळा हंगाम बादफेरींत पोंचला नाहीं. त्या काळांत वरचे क्रमांक त्यास मिळाले नाहींत असें नव्हे. २०१८ सालीं तर दुसरा क्रमांक होता. त्यांनीं मार्व्हिन बॅगली यास निवडलें, आणि लगेच तिसऱ्या क्रमांकावर लुका डाँचिच गेला. २०२० सालीं बाराव्या क्रमांकावर टायरीज हॅलिबर्टन हातीं आला. तो २०२२ सालीं इंडियानास दिला आणि बदल्यांत डोमांटस सबोनिस घेतला. सबोनिसनें २०२३ सालीं सॅक्रामेंटोचा वनवास संपविला. हॅलिबर्टननें २०२५ सालीं इंडियानास अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलें. त्या सामन्याच्या पहिल्याच भागांत त्याच्या टांचेची शीर तुटली आणि तो लंगडत बाहेर गेला. उरलेला वेळ चेंडू ज्यांनीं सांभाळला त्यांत टी. जे. मॅकॉनेल होता.