योजना कागदावरून गल्लीपर्यंत
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्थानिक विकास योजनांची अंमलबजावणी हा आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की हा कचेरीतला विषय आहे, शाळेच्या समारंभात त्याचे काय काम? परंतु आपली मुले ज्या गल्लीतून शाळेत येतात तिथले गटार, सार्वजनिक नळ, अंगणवाडीचे छप्पर, पावसाळ्यात बंद पडणारा रस्ता, या सर्व गोष्टी कोणत्या ना कोणत्या योजनेत लिहिलेल्या असतात. लिहिलेल्या असूनही त्या का होत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे. मुले आजारी पडतात आणि शाळा बुडते, त्याचे एक कारण त्या गटारातच असते.

विकसनशील देशांत योजनांची वाण कधीच नव्हती. आराखडे झाले, निधी मंजूर झाले, भूमिपूजनेही झाली. अडचण आली ती त्यापुढे. मार्चअखेर जवळ आली की घाईघाईने खर्च दाखवला जातो. नळपाणी योजनेची टाकी उभी राहते, पण पंपाचे वीजबिल कोणी भरायचे हे ठरलेले नसते. गटार बांधले जाते, पण त्याचा उतार उलट्या बाजूला असतो. यात अप्रामाणिकपणाचा भाग असतोच. पण कामाची वाटणी नीट झालेली नसणे हाही मोठा भाग आहे. कोणते काम कोणाचे, किती मोठे, आणि पुरे झाल्यावर सांभाळायचे कोणी, हे ठरले नाही तर प्रामाणिक माणसांची योजनाही फसते. हे मी तीन ठिकाणच्या अनुभवावरून आपल्यापुढे मांडणार आहे.

पहिली दोन ठिकाणे एका माणसाशी निगडित आहेत. अख्तर हमीद खान यांचा जन्म 1914 साली आग्र्याला झाला. ते आय.सी.एस. अधिकारी झाले, पण 1943 चा बंगालचा दुष्काळ पाहिल्यावर त्यांनी त्या मानाच्या नोकरीचा राजीनामा दिला. काही काळ अलीगढजवळच्या खेड्यात त्यांनी मजुरी केली, कुलपे बनवण्याचे काम केले, नंतर दिल्लीच्या जामिया मिल्लियात शिकवले. 1950 मध्ये ते पाकिस्तानात गेले आणि त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, कोमिल्ला येथे व्हिक्टोरिया कॉलेजचे प्राचार्य झाले. तिथेच 1959 मध्ये ग्रामीण विकास अकादमी स्थापन झाली आणि तिची सूत्रे त्यांच्याकडे आली.

कोमिल्लाचा भाग सखल. पावसाळ्यात पाणी तुंबायचे आणि कोरड्या दिवसांत शेतीला पाणी नसायचे. शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडालेला. अकादमीने एक थाना, म्हणजे आपल्या तालुक्यासारखा पण लहान घटक, प्रयोगासाठी घेतला. शेती, सहकार, पशुसंवर्धन अशी निरनिराळी खाती एका आवारात आणली, म्हणजे शेतकऱ्याला दहा दारे हिंडावी लागू नयेत. प्रत्येक गावाच्या सहकारी संस्थेने आपल्यातलाच एक व्यवस्थापक आणि एक चांगला शेतकरी निवडायचा. त्या दोघांनी दर आठवड्याला केंद्रावर यायचे, शिकायचे आणि परत जाऊन गावाच्या बैठकीत सांगायचे. सभासदांनी दर आठवड्याला थोडी का होईना बचत करायची. कालवे खोदणे, बांध घालणे, रस्ते करणे ही कामे ठेकेदाराऐवजी गावच्या प्रकल्प समित्यांकडे दिली. कामे झाली, भाताचे उत्पन्न वाढले आणि जगभरचे अभ्यासक कोमिल्ला पाहायला येऊ लागले. 1963 मध्ये खानसाहेबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण पुढची हकीकतही ऐकायला हवी. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर हाच नमुना देशभर झपाट्याने पसरवण्यात आला. संस्थांची संख्या वाढली. आठवड्याची बैठक, बचतीची शिस्त आणि शिक्षण मात्र तितक्या वेगाने वाढू शकले नाही. अनेक ठिकाणी मोठ्या जमीनदारांनी संस्था ताब्यात घेतल्या. पंप आणि कर्जे त्यांच्याकडे गेली आणि परतफेड थकली. पाटी कोमिल्लाचीच राहिली, पण ज्या सवयींवर कोमिल्ला उभे होते त्या मागे पडल्या. एका ठिकाणी यशस्वी झालेली योजना दुसरीकडे नेताना तिचे नियम नेणे सोपे असते. तिच्यामागची रोजची मेहनत न्यायला वेळ लागतो.

दुसरे ठिकाण कराचीमधील ओरंगी. शहराच्या कडेला वसलेली ही प्रचंड गरीब वस्ती. 1971 नंतर बांगलादेशातून आलेली अनेक कुटुंबेही तिथे स्थायिक झाली. वस्ती नियोजनाशिवाय वाढली, त्यामुळे गटारे नव्हती. घाण पाणी गल्लीतच वाहत असे. खानसाहेबांनी 1980 मध्ये तिथे ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू केला. रहिवाशांना वाटत होते की गटारे सरकारने फुकट बांधून द्यावीत. सरकारी पद्धतीने गटार बांधायचे तर खर्च इतका येत होता की सरकारजवळ पैसा नव्हता आणि गरिबाला तो परवडणारा नव्हता.

यातून वाट काढताना त्यांनी आधी कामाचे तुकडे पाडले. घरातला संडास, गल्लीतले भुयारी गटार, गल्ल्यांना जोडणारे उपगटार आणि शेवटी शहराचे मुख्य गटार व शुद्धीकरण केंद्र. पहिली तीन कामे आतली. ती रहिवाशांनी करायची. चौथे काम बाहेरचे; ते सरकारनेच करायला हवे. मग आतल्या कामासाठी वीस-तीस घरांची एक गल्ली हा घटक धरला. गल्लीने आपला प्रमुख निवडायचा, पैसे त्यानेच गोळा करायचे आणि खर्चही गल्लीनेच करायचा. संस्था पैशाला हात लावीत नसे. ती मोजणी करून देई, उतार काढून देई, अंदाजपत्रक करून देई, हत्यारे आणि साचे वापरायला देई.

ठेकेदाराचा नफा वगळला, मॅनहोलची रचना सोपी केली, लोखंडी साचे वापरले. त्यामुळे त्या काळी घरामागे सुमारे हजार रुपयांत संडास आणि गटार दोन्ही होऊ लागले. सुरुवातीच्या काही कामांत काँक्रीट कच्चे निघाले. तेव्हा गवंड्यांना शिकवले, साचे सुधारले आणि काम पुढे नेले. पुढच्या दोन-तीन दशकांत हे काम एक लाखाच्या आसपास घरांपर्यंत पोहोचले.

इथे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. मोजणीचे आणि नकाशांचे बरेचसे काम वस्तीतल्याच तरुणांनी शिकून केले. पुढे त्यांनी कराचीच्या इतर वस्त्यांचेही नकाशे काढले. त्यांतून दिसले की शहराचे सांडपाणी प्रत्यक्षात नैसर्गिक नाल्यांतून वाहते; मग तेच नाले बंदिस्त करून मुख्य गटारे करणे शहाणपणाचे. सरकारपुढे केवळ तक्रार न नेता नकाशा नेला, म्हणून त्यांचे म्हणणे ऐकावे लागले. हे काम सुखाचे नव्हते. खानसाहेबांनंतर संस्थेची धुरा वाहणाऱ्या वास्तुविशारद परवीन रहमान यांची 13 मार्च 2013 रोजी कराचीत गोळ्या घालून हत्या झाली. जमीन आणि पाणी कोणाच्या ताब्यात आहे, हे नकाशावर मांडण्याचे काम त्या करीत होत्या. खरी माहिती उघड होणे काहींना किती झोंबते, ते यावरून कळावे.

तिसरे ठिकाण आपल्याच देशातले, केरळ. 1992 च्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. त्याचा उपयोग करून केरळने ऑगस्ट 1996 मध्ये लोकनियोजन मोहीम सुरू केली. राज्याच्या योजना निधीपैकी 35 ते 40 टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपवली. ग्रामसभा भरल्या, प्रत्येक पंचायतीचा विकास अहवाल तयार झाला, विषयवार गट नेमले गेले. तेव्हा असे दिसले की गावांनी सुचवलेल्या पुष्कळ प्रकल्पांना धड अंदाजपत्रकच नाही. यावर उपाय म्हणून निवृत्त अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक अशा जाणकारांना स्वयंसेवक म्हणून बोलावून तपासणी करून घेतली. ठेकेदाराऐवजी लाभार्थी समित्यांकडे कामे दिली. काही ठिकाणी त्यांतही ठेकेदार समितीच्या नावाआड शिरले. समिती नेमली म्हणून लक्ष ठेवण्याची गरज संपत नाही, हे केरळनेही अनुभवले.

मित्रहो, तिन्ही ठिकाणची माणसे, भाषा, सरकारे वेगळी. तरी धडा एकच आहे. योजना पार पडते ती कामाचे इतके लहान तुकडे केल्यावर, की एकमेकांना ओळखणारी माणसे त्यावर डोळा ठेवू शकतील. प्रत्येक तुकड्याला नावानिशी धनी हवा. आणि सरकारचा वाटा सरकारकडून मागण्याची तयारीही हवी. श्रमदान करून आपण गल्ली स्वच्छ केली, पण पुढचे मुख्य गटारच नसेल तर आपली घाण खालच्या वस्तीत जाईल. स्वावलंबनाच्या नावाखाली सरकारला मोकळे सोडणे आणि सरकारच्या नावाने बोटे मोडत स्वस्थ बसणे, या दोन्हींमुळे काम अडते.

आता आपल्या गावाकडे आणि मोहल्ल्याकडे पाहू. महाराष्ट्रातही ग्रामपंचायतींचे विकास आराखडे 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने तयार होऊ लागले. आपल्यापैकी किती पालकांनी आपल्या गावचा आराखडा पाहिला आहे? ग्रामसभेला आपण जातो का? आपल्या भगिनी जातात का? 2011 पासून राज्यातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पाण्याची तंगी सर्वांत आधी त्यांना कळते. तेव्हा बैठकीत त्यांचे बोलणे आधी ऐकले जावे.

पुढच्या वेळी आपल्या भागात एखादे काम निघाले तर चार गोष्टी विचारा. अंदाजपत्रक किती रकमेचे आणि त्यात काय काय धरले आहे? कामावर देखरेख कोणाची? मोजमाप पुस्तिकेत जे लिहिले ते जागेवर आहे का? काम पुरे झाल्यावर दुरुस्ती आणि वीजबिल कोणाकडे? माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा ही कागदपत्रे मागण्याचा हक्क आपल्याला देतो. मागणी सभ्यपणे करा, लेखी करा आणि पोच घ्या. भांडणाने एक दिवस गाजतो. लेखी अर्जाला उत्तर द्यावे लागते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यातला कोणी आय.टी.आय. मध्ये, कोणी स्थापत्यशास्त्राच्या पदविकेला, कोणी वाणिज्य शाखेला जाईल. ज्याला लेव्हल लावता येते त्याने गल्लीच्या गटाराचा उतार एकदा तपासावा. ज्याला हिशेब येतो त्याने पाणीपट्टीची वही तपासून द्यावी. ज्याचे मराठी चांगले आहे त्याने शेजारच्या आजींना नोटीस वाचून दाखवावी आणि अर्ज लिहून द्यावा. घरी उर्दू वा कोकणी बोलत असलो तरी आपल्या राज्याचा कारभार मराठीत चालतो. ती भाषा नीट येणे म्हणजे आपल्या वाट्याचा हक्क नीट मागता येणे.

पालकांना एकच विनंती. मुलाच्या गुणपत्रिकेवर आपण बारकाईने नजर टाकता, तशीच नजर वर्षातून एकदा आपल्या वॉर्डाच्या कामांच्या यादीवर टाका. शक्य तर मुलालाही बरोबर न्या. वाचायला शिकलेले मूल अंदाजपत्रकही वाचू लागले, तर या संस्थेने चालवलेल्या शिक्षणाचा लाभ त्याच्या घरापुरता न राहता सबंध गल्लीला मिळेल.