पंक्तीत पान कोण मांडणार?



मंगलकार्यात किन्नरांचा आशीर्वाद शुभ मानणारा समाज त्यांना घर भाड्याने देताना मात्र दार लावून घेतो. परंपरेत याला आधार नाही. विराटाच्या राजवाड्यात बृहन्नडेला राजकन्येच्या गुरूचा मान होता. किन्नरांना संशयितांच्या नोंदवहीत बसवले ते इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने.

स्वराज्यातही वाट सोपी नव्हती. मध्य प्रदेशात कटनीच्या मतदारांनी किन्नर कमला जान यांना महापौर केले. पद स्त्रियांसाठी राखीव म्हणून २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही ती निवड रद्दच ठरवली. पुढे २०१९ च्या कायद्याने शिक्षण, नोकरी व निवासातील भेदभावास मनाई केली. जानेवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे स्त्री-राखीव जागेवरील तृतीयपंथी उमेदवाराचा फेटाळलेला अर्ज औरंगाबाद खंडपीठाने ग्राह्य धरला आणि गावाने त्यांना निवडून दिले.

स्त्रियांच्या वाट्याचे काय, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर स्वतंत्र तरतुदीचा विचार व्हावा. परंतु वाद जागेचा असावा, माणूसपणाचा नसावा. कायदा दार उघडू शकतो. पंक्तीत पान मांडणे हे समाजाचेच कर्तव्य आहे. समरसतेची कसोटी तेथेच लागते.