नोकरी गेली, करार बाकी

यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीतलं काम सुटलं आणि आर्णी रोडवरच्या फ्लॅटचे पाच महिने अजून बाकी आहेत. आता? आधी कपाटातला करार काढा. त्यावर बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असं लिहिलेलं असतं, मुदत 11 महिने. पगार थांबला म्हणून करार आपोआप सुटत नाही. दोन कलमं बघा. एक नोटीसचं, साधारण महिन्याभराचं. दुसरं ‘लॉक-इन’चं, म्हणजे इतके महिने घर सोडायचं नाही. हे दुसरं कुणी वाचतच नाही. सहीच्या दिवशी सगळ्यांना किल्लीची घाई!

लॉक-इन मोडलं तरी मालकाला मनाला येईल तो आकडा लावता येत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईच देतं, तीही करारात लिहिलेल्या रकमेच्या आत. करार नोंदवलेलाच नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55: नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत.

भाडं थकवून मग तोंड लपवू नका. मालकाशी बोला, लेखी द्या, पोच घ्या. निघताना वीजमीटरचा आकडा आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो काढा. डिपॉझिटचं भांडण बहुतेकदा भिंतीच्या रंगावरूनच पेटतं. चिघळलंच, तर यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.