घरचा संगणक आणि दिल्लीचा आदेश

घरातला आठ-नऊ वर्षांचा संगणक धडधाकट चालतोय, मुलांचा अभ्यास, वीजबिल सगळं त्यावरच. तरी पडद्यावर सूचना येते: हे यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालतं यंत्र असं बाद ठरणं मला अन्यायाचं वाटतं. पण लगेच भंगारात काढू नका. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय काही यंत्रांत असूनही बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असते, ती आधी तपासा. प्रोसेसरच जुना असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरता येते.

नवा लॅपटॉप घ्यायचा, तर दिल्लीकडे पाहावं लागतं. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने लॅपटॉप आणि टॅबलेटच्या आयातीवर एकाएकी परवान्याची अट घातली. दुसऱ्याच दिवशी ती १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली आणि ऑक्टोबरमध्ये तिच्या जागी ऑनलाइन नोंदणीची सौम्य पद्धत आणली. देशात कारखाने यावेत, हा हेतू रास्तच. पण एका रात्रीत निघालेल्या आदेशाने गोंधळ उडतो तो दुकानदाराचा आणि गिऱ्हाइकाचा. असे निर्णय आधी चर्चा करून, पुरेशी मुदत देऊनच व्हायला हवेत.